आठ दिवस वाळू द्यावी

संक्रांत होऊन तिसरा दिवस. राजोडीच्या पानवाडीत रुक्मिणीबायच्या रहाटाची माळ कर्रकन तुटली आणि माळेवरची चाळीसच्या चाळीस गाडगी एकामागून एक विहिरीत कोसळून फुटली. आवाज असा झाला, की शेजारच्या वाडीतले हरिभाऊ "भूकंप, भूकंप" करत अंगावरच्या पंच्यानिशी बाहेर आले. रहाटाचा रेडा मात्र शांत होता. डोळ्यांवर झापडं, त्यामुळे काही घडलंय याचा पत्ता नाही. माळ नसलेला रहाट त्याने आणखी तीन फेरे ओढला. सरकारी नोकरीत शोभला असता.

रुक्मिणीबायने विहिरीत वाकून पाहिलं. दोर तेवढा तरंगत होता.

"झालं एकदाचं!" तिचा मुलगा काशिनाथ म्हणाला. आवाजात दुःख कमी आणि घाई जास्त. "आये, आता इंजिन बसवू."

इंजिन म्हणजे तेलावर चालणारं, पाणी उपसणारं. दोन वर्षं हा मुलगा इंजिनाचं नाव अशा काही सुरात घेई, की सून सुमन नसती तर लोकांना भलताच संशय आला असता. रुक्मिणीबायचं म्हणणं साफ होतं. इंजिनाच्या पाण्याला तेलाचा वास मारतो, पानवेल नाजूक, ती वासाने मान टाकते. आणि ज्या विहिरीवर रहाटाची कुरकुर नाही ती विहीर मुकी. मुक्या विहिरीचं पाणी पिणारी माणसं पुढे आईशी बोलेनाशी होतात, हे तिने स्वतः दोन घरांत पाहिलं होतं.

"गाडगी आणू," ती म्हणाली.

"आणू कुठून? सोपाऱ्याचा कुंभार गेला मुलाकडे मुंबईला. त्याच्या चाकावर आता कोंबड्या बसतात."

"मग मी करीन."

हरिभाऊ हसले. ते हसले नसते तर कदाचित तिने हा शब्द गिळला असता. पण शेजारी पंच्यावर उभं राहून हसतो आणि आपण शब्द गिळायचा, असं तिच्या माहेरात कोणी केलं नव्हतं.

"शिवरात्रीला सकाळी या रहाटावर माझ्या हातची गाडगी फिरतील," ती म्हणाली. "नाही फिरली, तर काशिनाथ, तुझं इंजिन आण आणि त्याची पूजासुद्धा मीच करीन."

काशिनाथने लगेच हात जोडले. आईला की इंजिनाला, ते कळलं नाही.

त्या दिवसापासून घरातली सगळी माणसं बादल्यांनी पानवेलींना पाणी घालू लागली. काशिनाथ प्रत्येक बादलीला कण्हे, तेही आईला ऐकू जाईल अशा बेताने.

आचोळ्याच्या तलावाजवळ सरकारने नुकतंच कुंभारकामाचं केंद्र उघडलं होतं. माती तलावाची, चाकं दोन, भट्टी एक, आणि ज्याला शिकायचं त्याने यावं, जात-धर्म-बाई-पुरुष काही आडकाठी नाही. हरिभाऊंनी कुंपणावरून सल्ला दिला, "बाईमाणसाने चाकाला हात लावू नये. चाक रुसतं."

"तुमची बाई तीस वर्षं तुमच्याशी संसार करतेय. तिला रुसलेलं सांभाळायची सवय आहे. तिलाच पाठवा," असं म्हणून रुक्मिणीबाय बैलगाडीत बसली.

केंद्राचे मास्तर रामनाथ घाटावरचे. माणूस गुणी, हात सोन्याचे, पण आवाज असा की समोरच्या मडक्याला ऐकू जाईल तेवढाच. रुक्मिणीबायसमोर तर तो तेवढाही फुटेना. त्यांनी नुसतं भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर पाटी होती: 'केंद्रात काम करणाऱ्यांसाठी सूचना.'

"वाचून दाखवू, आत्याबाई?" बरोबर आलेल्या सुमनने विचारलं. सुमन सातवी पास होती, आणि हा तिचा दोष ती शक्य तितका झाकून ठेवत असे.

"मला डोळे आहेत," रुक्मिणीबाय म्हणाली. दुसरी इयत्ता झाली होती तिची. तिसरीत बसवायच्या आत लग्नात बसवलं, त्याला ती काय करणार? तिने पदर खोचला, पाटीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर खणून काढायला सुरुवात केली.

सूचना वाईट नव्हत्या. नखं कापून यावं, हातातल्या बांगड्या उतरवाव्यात. (बांगड्या ती उतरवणार नव्हती, कोपरापर्यंत सारून वर दोरा बांधला.) माती पायांनी तुडवावी, मग हातांनी मळावी, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. चाकाचं गढूळ पाणी गटारात न ओतता हौदात ओतावं, त्यातली माती पुन्हा कामाला येते. हे वाचून तिला सरकारबद्दल प्रथमच आदर वाटला. आपल्या भांड्याच्या बुडाला ओळखीची खूण करावी, नाहीतर भांडणं होतात. हे लिहिणारा माणूस बायकांत वावरलेला असावा. आणि शेवटी होतं: 'घडवलेली माती आठ दिवस वाळू द्यावी. मगच भट्टीत लावावी.'

ही ओळ तिने दोनदा वाचली. घडवलेली माती, आठ दिवस वाळू द्यावी. मधला स्वल्पविराम तिने स्वतः घातला. दुसरी झालेल्या माणसाला तेवढा अधिकार असतो.

"बरोबर आहे," ती सुमनला म्हणाली. "माती त्यांची, चाक त्यांचं, सरपण त्यांचं. फुकट कोण देतो? भांडी घडवून झाली की आठ दिवस वाळू द्यायची. आणि राजोडीला वाळूचा काय तोटा!"

सुमनने पाटीकडे पाहायला मान वर केली, तेवढ्यात सासूने तिच्या हातात मातीचा गोळा ठेवला.

चाकावरचे पहिले दिवस सांगण्यासारखे नाहीत, म्हणून थोडक्यात सांगायचे. पहिला गोळा चाकावरून उडाला तो खिडकीतून तलावात गेला. दुसरा रामनाथ मास्तरांच्या टोपीवर. तिसऱ्याचं काहीतरी झालं; मास्तर त्याला थाळी म्हणाले, ती त्याला गाडगं म्हणाली आणि ते दोन्ही नव्हतं. "हात ओला, कोपर मांडीला टेकवलेलं, आणि माती मधोमध येईपर्यंत वर ओढायची नाही," एवढं मास्तर रोज पुटपुटत. ती रोज आधी वर ओढायची. सासुरवाशिणीला ओढलं की ती येते, मातीला का येऊ नये? माती येत नव्हती. अकराव्या दिवशी ती दमून नुसती हात धरून बसली, आणि माती आपण होऊन मधोमध येऊन उभी राहिली. रुक्मिणीबायने आयुष्यात पहिल्यांदा काही न करता काही मिळवलं होतं. तिला ते फारसं आवडलं नाही.

दुसऱ्या चाकावर दोघी असत. राजोडीचीच मटिल्डा, जिला आंबट कालवणासाठी मातीची हंडी हवी होती, आणि खाडीकडची कमळी, जिला पाण्याचा माठ करायचा होता. दोघींना अक्षरओळख नव्हती. पाटीवर काय आहे ते त्यांनी अर्थातच रुक्मिणीबायला विचारलं.

"वाळू? समुद्राची?" कमळी म्हणाली. "आमी खाडीवाले. आमी कुठून आनावी?"

"माझ्या गाडीतून ये-जा करतेस ना? तुझी टोपली मी भरीन."

"आनि इतके दिवस मातीचं काय करायचं गो?" मटिल्डाने विचारलं.

हा प्रश्न रुक्मिणीबायलाही पडला होता, पण त्याचं उत्तर तिच्या हाडात होतं. पानवाडीची बाई ती. खुडलेलं पान टिकवायचं तर ओल्या गोणपाटात, वर केळीचं पान, सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हबका. जे कोवळं आहे ते कोरडं पडू द्यायचं नाही, हे तिला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. चाळीस गाडगी, एक हंडी, एक माठ. सगळं केंद्राच्या मागच्या खोलीत गोणपाटात निजलं. "कोणी उघडून पाहिलं तर हात मोडीन," असं तिने मास्तरांकडे बघत सांगितलं. मास्तरांनी हात पाठीमागे घेतले.

आणि मग आठ दिवस राजोडीहून आचोळ्याला वाळू निघाली. रोज तीन टोपल्या. रेल्वेच्या फाटकावरचा माणूस रोज विचारी, "बाय, घर बांधताय?" ती म्हणे, "गाडगी करतेय." तो फाटक जरा लवकर उघडू लागला.

चौथ्या दिवशी तलाठ्याने गाडी अडवली. "किनाऱ्याची वाळू सरकारी. न्यायची तर अर्ज द्या."

"सरकारचीच वाळू सरकारलाच नेऊन देते. मध्ये तू कोण?"

तलाठ्याने डोकं खाजवलं. या मुद्द्यावर नियम सापडेना, तेव्हा त्याने कागद वर पाठवला. कागद वर गेला की त्याचं काय होतं ते देवाला ठाऊक. पण चार दिवसांत तो खाली आला तेव्हा त्यावर लिहिलेलं होतं, 'राजोडीच्या महिलांचे केंद्रासाठी स्वयंस्फूर्त श्रमदान. साहेब स्वतः अभिनंदनास येतील.'

रामनाथ मास्तरांना तर वाळू केंद्राच्या जमिनीसाठी आहे असंच पहिल्यापासून वाटत होतं. त्यांचा जीव वेगळ्याच गोष्टीत होता. सहाव्या दिवशी धीर करून त्यांनी विचारलंच, "बाई, गाडगी... वाळू देताय ना?"

"रोज!" रुक्मिणीबाय म्हणाली आणि तिने अंगणातल्या ढिगाकडे हात केला. "डोळे फुटले की काय, मास्तर?"

मास्तरांनी ढिगाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि प्रश्नाला उत्तर मिळालं असं मानून घेतलं. असल्या मानून घेण्यावरच जगातले निम्मे संसार टिकून आहेत.

साहेब आले तो दिवस मोठा देखणा होता. आंब्याच्या डहाळ्या, रांगोळी, टेबलावर चादर. काशिनाथ आणि हरिभाऊसुद्धा आले. एक आईचा सत्कार बघायला, दुसरे त्यात काही कमी निघतं का बघायला. मास्तर सकाळीच साहेबांना आणायला स्टेशनवर गेले. जाताना सांगून गेले, "तुम्ही भट्टी लावून घ्या. जाळ मंद ठेवा." भट्टी रुक्मिणीबायने स्वतः लावली. गाडगी गोणपाटातून काढली तेव्हा कशी तुकतुकीत, तरणीताठी दिसत होती. आणि जाळ? साहेब यायचे आणि जाळ मंद? तिने चार ओंडके जास्त घातले.

साहेबांनी तिच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. म्हणाले, "या मातेने न सांगता, न मागता—"

फाट!

साहेब थांबले. लोकांना वाटलं, कोणीतरी आनंदाने फटाका लावला. टाळ्या पडल्या.

"—न मागता जी वाळू—"

फाट! फाट! धडाम!

मग मोजणी उरली नाही. भट्टीच्या तोंडातून खापऱ्या आणि राख यांचं सरकारी स्वागत सुरू झालं. साहेब टेबलाखाली गेले, चादरीसकट. फाटकावरचा माणूस म्हणे रूळ सोडून पळाला. हरिभाऊ मात्र उभेच होते. या खेपेला त्यांनी भूकंप म्हणायचं टाळलं, कारण आपलं एकदा चुकलं होतं हे त्यांच्या लक्षात होतं.

राख बसल्यावर मास्तरांनी एक खापरी उचलली, बोटाने मोडली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, "ही ओली आहे! बाई, वाळू द्यावी लिहिलंय ना!"

"दिली की! हा ढीग काय तुमच्या आजोबांनी आणला?"

"अहो, वाळू द्यावी म्हणजे... वाळू द्यावी!" मास्तरांना दुसरा शब्द सापडेना. ते हात हलवू लागले, उन्हाकडे बोट दाखवू लागले. "म्हणजे वाळायला! वाळून जाऊ द्यावी!"

कोणाला काही कळेना. तेव्हा सुमन पुढे आली, पाटीपाशी गेली, आणि हलकेच म्हणाली, "आत्याबाई, सुकू द्यावी."

मास्तरांनी जोरजोरात मान हलवली.

"मग सुकू लिहायला काय हात मोडले होते?" रुक्मिणीबाय कडाडली. "आमच्याकडे बोंबील सुकतो, लुगडं सुकतं, असलं काही ऐकून तोंडसुद्धा सुकतं! वाळतं ते घाटावर! पाटी लावायची राजोडीकरांसाठी आणि भाषा आणायची साताऱ्याची?"

लोक हसले. टेबलाखालून साहेबसुद्धा हसले. बाजू तिने राखली होती. पण मटिल्डा हसली नाही. ती भट्टीपाशी बसून आपल्या हंडीचे तुकडे पदरात गोळा करत होती. खूण म्हणून बुडाला केलेला छोटा क्रूस एका तुकड्यावर शाबूत होता.

"रुकमिनबाय," ती म्हणाली, "मला वाचता येत नाय. तू वाचलंस, म्हनून मी केलं."

झेंडूचा हार रुक्मिणीबायने उतरवला आणि बैलाच्या शिंगाला अडकवला. दुपारी घरी जेवताना काशिनाथने सांगितलं, की इंजिनवाला शिवरात्रीला सकाळी विहीर मोजायला येतोय. शिवरात्रीला बारा दिवस होते.

ताट अर्धं टाकून ती उठली ती थेट मटिल्डाच्या दारात. माफी मागायची तिला सवय नव्हती. तो शब्द तोंडात घोळवून पाहिला तर आमसुलासारखा आंबट लागला. म्हणून ती म्हणाली, "चल ऊठ. तुझी माती मी तुडवणार आहे. कमळीचीही."

"आनि तुझी कोन तुडवील?"

"माझी मीच. आजवर मला दुसऱ्या कोणी तुडवलेलं नाही."

मटिल्डा हसली. रुक्मिणीबायला जेवण आत्ता उतरल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाटीसमोर उभं राहून ती सुमनला म्हणाली, "वाच. पहिल्यापासून. मोठ्याने. मधे थांबायचं ते मी सांगेन तेव्हाच." सुमनने वाचलं. आणखी दोन ठिकाणी स्वल्पविराम चुकले होते. कोणत्या, ते रुक्मिणीबायने कोणाला सांगितलं नाही.

दोन दिवसांत तिघींनी मिळून सेहेचाळीस गाडगी ओढली, सहा पडझडीसाठी. मटिल्डाने हंडी बाजूला ठेवली. "हंडी मागाहून. तुझ्या वेली थांबायच्या नाय," म्हणाली. कमळी रहाटाच्या गाडग्याला दोर बांधायची खाच अशी सुबक पाडे, की मास्तर लपून बघत.

आणि मग सुकवणं. घडवणं सोपं, सुकवणं कठीण. कारण त्यात करायचं काही नसतं. तीन दिवस सावलीत, पालथी घालून, वाऱ्याचा झोत लागू न देता. मग उन्हात, रोज थोडी फिरवून. मास्तरांनी कानात एक युक्ती सांगितली: गाडगं गालाला लावावं. गार लागलं तर आत पाणी आहे, ऊबदार लागलं तर तयार. रुक्मिणीबाय दिवसातून चार वेळा सेहेचाळीस गाडग्यांना गाल लावी. तिचा एक गाल मातीचा झाला. हरिभाऊ म्हणाले, "चुलीवर धरा, दोन तासांत उरकेल." तिने पाहिलं फक्त. त्या पाहण्यात पूर्वी दहा वाक्यं असत. आता तीही तिने सुकू दिली होती.

भट्टीला तिने या वेळी चिमटीने सरपण घातलं. दुपारपर्यंत नुसता धूर, मग हळूहळू जाळ. दुसऱ्या दिवशी निवल्यावर उघडलं, तेव्हा तिघी हात धरून उभ्या होत्या. कोणी कोणाचा धरला होता ते कळत नव्हतं. दोन तडकली होती. चव्वेचाळीस लालभडक, टिचकी मारली की घंटेसारखी वाजणारी.

फक्त एक गोष्ट झाली. गाडगी जुन्या मापाची घडवली होती. पण माती सुकताना आकसते आणि भाजताना आणखी आकसते, हे पाटीवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक गाडगं दोन बोटं लहान निघालं.

शिवरात्रीच्या सकाळी विहिरीवर अर्धी राजोडी जमली. इंजिनवाला टेप घेऊन एका बाजूला उभा. काशिनाथने एक गाडगं हातात घेऊन पाहिलं. "आये, यात पाणी मावणार किती?"

"चाळीसच्या जागी चव्वेचाळीस बांधलीत. रेड्याला दोन फेरे जास्त. त्याला काय कचेरीत जायचंय?"

रेडा जुंपला. रहाट कुरकुरला, माळ ताणली गेली, आणि लाल गाडगी एकेक करून विहिरीत उतरली. खाली बुडुक बुडुक आवाज आला. रुक्मिणीबायने डोळे मिटले. पहिलं गाडगं वर आलं, कलंडलं. पाणी पन्हळीत पडलं. मग दुसरं. मग तिसरं. एकही फुटलं नाही. पाणी पन्हळीतून पाटात आलं, पाटातून केळींच्या मुळाशी, आणि तिथून पलीकडच्या पानवेलींच्या ओळीत, जिथे महिनाभर बादल्याच पोचत होत्या.

इंजिनवाल्याने टेप गुंडाळली. हरिभाऊंनी कुंपणावरून विचारलं, "बाय, आमच्या रहाटाचीही आठ-दहा फुटलीत. मिळतील का?"

"मिळत नाहीत. करावी लागतात," ती म्हणाली. "सोमवारी गाडी निघेल. नखं कापून या, आणि सल्ले घरी ठेवून या."

काशिनाथ पाटात उतरला होता. त्याने ओंजळ भरली आणि प्यायली.

"मातीचा वास येतो," तो म्हणाला.

"येणारच. दोन दिवस येईल."

त्याने आणखी एक ओंजळ प्यायली. मग कोणी न सांगता तो वर आला, रहाटाच्या दांड्यावर जाऊन बसला आणि त्याने रेड्याला चुचकारलं. बारा वर्षांचा होता तेव्हा तो असाच तिथे बसायचा, ते रुक्मिणीबायला आठवलं. पण ते बोलून दाखवायची ही वेळ नव्हती.

"जपून हाक रे," ती ओरडली. "गाडगी नवी आहेत, आणि कुंभारीणही!"